काकूंची खुर्ची

संडे स्कूलच्या खोलीत सुलभाकाकूंची खुर्ची दाराशी असायची, आणि त्या खुर्चीवरून मंडळीत भरपूर थट्टा चालायची. साधी लोखंडी घडीची खुर्ची, तिच्यावर काकूंनी घरून आणलेली चौकोनी उशी. मनोहरकाका मुलांना पेटीवर गाणी शिकवायचे आणि काकू तिथे बसून विणकाम करायच्या. पाणी प्यायलासुद्धा उठायच्या नाहीत. या वयातही काकूंना काकांवाचून करमत नाही, असं बायका आपसांत म्हणायच्या. विनीता तर तोंडावर म्हणायची, "काकू, पळून नाही हो जात ते." काकू हसायच्या. हसताना सुया थांबायच्या नाहीत.

ही मंडळी म्हणजे अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर आणि आसपासची मराठी ख्रिस्ती कुटुंबं. कुणी नगरचं, कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं. बहुतेक सगळे कॉम्प्युटरवर पोट भरणारे. रविवारी सकाळी अमेरिकन लोकांची उपासना आटोपली की दुपारी त्यांचंच चर्च हे लोक भाड्याने घ्यायचे. मुलांचे आजी-आजोबा सातासमुद्रापार, त्यामुळे नगरच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले आणि मुलाकडे राहायला आलेले मनोहरकाका हे आयतेच सगळ्यांचे झाले. आवाज गोड, बोलणं त्याहून गोड, खिशात लिमलेटच्या गोळ्या. मुलांना गाडीतून घरी सोडायचं असो की कुणाची शनिवारी पंचाईत झालेली असो, उत्तर एकच, "काका आहेत ना."

शैलजा या संडे स्कूलची प्रमुख. प्रिन्स्टनच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घ्यायची. नवरा प्रोजेक्टसाठी शिकागोला, घरात ती आणि नऊ वर्षांची रुचा. रुचाला या नाताळात एकटीने गाणं म्हणायचं होतं. खरं तर तो मान आन्याचा. आन्या बारा वर्षांची, आवाज असा की म्हातारी माणसं डोळे पुसायची. पण मागच्या हिवाळ्यात तिने अचानक गाणंच सोडलं. चर्चला आली तरी गाडीतून उतरायची नाही. तिची आई म्हणाली, "टीनएज सुरू झालं बाई आमच्याकडे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

त्या वसंतात अमेरिकन चर्चकडून नियम आले. वर्षभर वर्तमानपत्रांत चर्चमधल्या मुलांविषयी भलभलत्या बातम्या येत होत्या, त्यामुळे सगळीकडेच असे नियम निघत होते. मुलांच्या खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, तीही एकमेकांच्या नात्यातली नकोत. दाराला काच हवी. त्या प्रत्येकाचा पोलिसांकडचा पूर्वेतिहास तपासला जाईल. खोलीबाहेर लाल अक्षरांत एक फोन नंबर लागेल, शंका आली तर थेट राज्य सरकारच्या लोकांना कळवायचं.

मंडळीचे पाळक रत्नाकर साळवे यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये आधी हसू आणि मग संताप. "आपल्यात असलं नसतं," कुणी तरी म्हणालं. "काकांची काय पोलिसचौकशी करणार का यार?" शैलजालाही राग आला होता. या गोऱ्यांच्या घरची घाण, आपल्या अंगणात कशाला, असंच तिला वाटलं. रागावले नाहीत ते फक्त काका. ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "नियम चांगला आहे. लेकरांपेक्षा आपला मान मोठा नाही. काच मीच उभा राहून बसवून घेतो." लोकांचा ऊर भरून आला. पाळकांनी तिथेच त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

बाहेर पडताना काकूंनी शैलजाची बाही धरली. "दोन माणसं म्हणजे मी चालणार नाही का गं?"

"नवरा-बायको एकच धरतात काकू. मी विनीताचं नाव घातलंय. सुटलात तुम्ही. आता बाकीच्यांबरोबर चहाला येत जा."

"मी बसेन तिथेच," काकू म्हणाल्या. "मला सवय आहे."

विनीता नियमाप्रमाणे वर्गात यायची. पहिलं गाणं होईपर्यंत थांबायची, आणि मग सगळ्या मंडळीचा चहा तिच्याकडे असल्यामुळे स्वयंपाकघरात जायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माणसं नियम मोडत नाहीत, तो पाहुण्यासारखा दिवाणखान्यात बसवून ठेवतात आणि आपण आत आपलं काम करतात. काच बसली, लाल अक्षरांचा कागद लागला, आणि दाराशी काकूंची खुर्ची होती तिथेच राहिली.

डिसेंबरच्या सुरुवातीला काकू घराच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. नाताळच्या कार्यक्रमाची तालीम शनिवारी दुपारी होती. "तू जा तिच्याजवळ," काका फोनवर शैलजाला म्हणाले. "तिला तुझ्या हातचा मऊ भात आवडतो. मुलांचं मी बघतो."

किती समजूतदार माणूस, असं शैलजाच्या मनात आलं.

रुचा मात्र त्या दिवशी बूट घालायलाच तयार नव्हती. "इज काकू गोइंग टू बी देअर?"

"काकू हॉस्पिटलमध्ये आहेत, तुला सांगितलं ना."

"देन आय डोन्ट वॉन्ट टू गो."

"रुचा, काका एवढे तुझ्यासाठी येतात. असं नाही म्हणायचं त्यांना." काकू मुलांना नानकटाई द्यायच्या, त्यासाठीच हिचं नाटक चाललंय असं शैलजाने ठरवून टाकलं. दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई, पण स्वतःच्या दारातली तिला दिसली नाही. तिने रुचाला चर्चच्या दाराशी सोडलं. दारात काका उभे होते. त्यांनी रुचाच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा पोरीने मान आत ओढून घेतली. थंडी फार होती.

हॉस्पिटलमध्ये काकू उशीला टेकून पडल्या होत्या. एवढ्याशा दिसत होत्या. शैलजाने भाताचा डबा उघडला, तूप घातलं. काकूंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज तालीम आहे ना?"

"आहे. रुचाला सोडूनच आले."

"तिथे कोण बसलंय?"

"विनीता आहे काकू."

"विनीता बसत नाही. विनीता चहाला जाते." काकूंचा आवाज कोरडा होता. "दाराशी कोण बसलंय?"

शैलजाला हसू आलं. "एवढी काय काळजी करताय? काका आहेत ना."

काकूंनी तिचं मनगट पकडलं. ऑपरेशन झालेल्या म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं. भाताचा चमचा चादरीवर पडला.

"जा," काकू म्हणाल्या. "आत्ता जा. पोरीला घेऊन ये. काय ते मला नंतर विचार."

शैलजा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या तोंडावर आजार नव्हता, गोळ्यांची गुंगी नव्हती. भीती होती, आणि ती नवी नव्हती. बरीच जुनी, वापरून वापरून मऊ झालेली भीती होती. खुर्ची, उशी, सुया, पाणी प्यायलाही न उठणं, सगळं एकदम शैलजाच्या अंगावर आलं. तिने कोट उचलला आणि पळत सुटली.

साडेचारलाच अंधारून आलं होतं. रूट वनवर गाड्यांची रांग लागली होती. तिने विनीताला फोन लावला.

"अगं मी एडिसनला आलेय, उद्याच्या जेवणाची भाजी घ्यायला," विनीता म्हणाली. मागे दुकानातली गाणी ऐकू येत होती. "तालीम लवकर संपली. सगळ्यांना पिकअप केलं पेरेंट्सनी. काकांनी रुचाला ठेवून घेतलंय, तिचं सोलो कच्चं आहे म्हणाले. डोन्ट वरी, काका—"

शैलजाने फोन बंद केला. ते पुढचं वाक्य तिला ऐकवणार नव्हतं. सिग्नल लाल होता आणि तो हिरवा होतच नव्हता. तिने देवाचा धावा केला, पण शब्द जुळेनात. नुसतं "माझी पोर, माझी पोर" एवढंच तोंडातून येत राहिलं.

चर्चच्या आवारात एकच गाडी होती, काकांची. आतले दिवे बहुतेक मालवलेले. लांब बोळाच्या टोकाला संडे स्कूलच्या खोलीतून पेटीचे सूर येत होते. नाताळचंच गाणं, संथ. दाराच्या नव्या काचेवर मुलांनी केलेला सोनेरी कागदाचा मोठा तारा चिकटवला होता. काच पुरती झाकली जाईल असा, नेमका मधोमध. तो कुणी लावला असेल हे शैलजाला विचारावं लागलं नाही.

ती दाराशी पोचली आणि पेटी थांबली.

तिने दार ढकललं. ते पुरतं उघडेना, मागे काहीतरी होतं. तिने खांदा लावून जोर केला. दाराला टेकून काकूंची खुर्ची होती आणि खुर्चीत रुचा बसली होती. कोट अंगात, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, दप्तर पोटाशी दोन्ही हातांनी धरलेलं. पाय खुर्चीच्या दांड्यांना अडकवून ती अशी बसली होती की उचलायचं तर खुर्चीसकट उचलावं लागलं असतं.

काका पेटीपासून उठून खोलीच्या मध्यापर्यंत आले होते. ते तिथेच थांबले. चेहऱ्यावर नेहमीचं गोड हसू आलं.

"बरं झालं आलीस. हिला आज सूरच लागत नाहीये शैलू. हट्ट करून तिथेच बसलीय. जवळ ये म्हटलं तर येत नाही."

"उठ रुचा," शैलजा म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. काकांकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर हातून काय झालं असतं, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

गाडीतही रुचाने दप्तर पोटाशीच धरून ठेवलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "काकू टोल्ड मी. इफ शी इज नॉट देअर, सिट इन हर चेअर अँड डोन्ट गेट अप. नो मॅटर व्हॉट ही सेज." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आर यू मॅड, मम्मी?" शैलजाने गाडी कडेला घेतली, पोरीला छातीशी धरलं आणि हुंदके देऊन रडली. लाज वाटली तिला. नऊ वर्षांच्या पोरीने दुपारी जे सांगितलं होतं, ते तिने बुटांत कोंबून गाडीत घातलं होतं.

घरी येऊन तिने पाळकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे झालं काहीच नाही ना?" ते म्हणाले. "बसली होती मुलगी खुर्चीत. शैलजाताई, नीट विचार करा. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ राहू द्या. नाताळ होऊ दे, मग मी बोलतो त्यांच्याशी. प्रार्थनेत ठेवू आपण हे." त्यांचा आवाज घाबरलेला होता. पण तो मुलांसाठी घाबरलेला नव्हता, हे शैलजाच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेच्या वेळी तिने रुचाला शेजारच्या अमेरिकन मैत्रिणीकडे ठेवलं. चर्चमध्ये गेली, बोळात शिरली, दारावरचा तारा टराटरा फाडला आणि लाल अक्षरांचा कागद भिंतीवरून काढून पर्समध्ये घातला. हॉलमधून काकांची पेटी ऐकू येत होती. मंडळी गात होती. तिथून ती तडक हॉस्पिटलला गेली.

काकूंनी आधी दाराकडे, मग तिच्या मागे पाहिलं. "पोर?"

"बरी आहे. खुर्चीत बसून होती. उठली नाही."

काकूंनी डोळे मिटले. गालावरून पाणी उशीवर उतरलं. "मी बसत होते ना गं," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बसतेय. नगरला बसले, इथे बसले. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडू? मुलाचं घर, नातवंडं. म्हटलं, आपण उठायचंच नाही. आपण बसलो की झालं."

शैलजाला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी संतापही आला. कुंपणच शेत खात होतं, आणि ही बाई जन्मभर बांधावर बसून राहिली होती, गावाला हाक न मारता.

"आणि मागच्या हिवाळ्यात?" तिने विचारलं. "तुम्हाला न्यूमोनिया झाला होता. किती तरी रविवार तुम्ही आला नव्हतात. तेव्हा त्या खुर्चीत कोण बसलं होतं काकू?"

काकूंनी हळूहळू तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर नर्सची गाडी खडखडत गेली.

"आन्या फार छान गायची," काकू भिंतीला म्हणाल्या.

शैलजाने पर्समधून कागद काढला, उघडून मांडीवर ठेवला आणि नंबर लावला. पलीकडे एक बाई होती, शांत आवाजाची. तिने विचारलं, मूल आत्ता सुरक्षित आहे का? कुठल्या मुलाबद्दल सांगायचं आहे?

"दोन मुली आहेत," शैलजा इंग्रजीत म्हणाली. "एक माझी. दुसरी आन्या."

तेव्हा काकूंनी तोंड भिंतीकडे ठेवूनच आणखी एक नाव घेतलं. मग आणखी एक. मग नगरची नावं सुरू झाली, आता लेकरंबाळं असतील अशा बायकांची. शैलजाने पलीकडच्या बाईला एक मिनिट थांबायला सांगितलं आणि फोन काकूंच्या तोंडाजवळ नेला.