सिमेंटचा गिलावा

भाटघरच्या धरणावर गेनबाने तीन वर्षं घमेली वाहिली होती. धरण पुरं झालं, पाणी अडलं, पण गेनबाच्या तोंडचं धरण काही संपलं नाही. "आमी नदी अडवली," असं तो म्हणे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की पात्रात हा एकटाच आडवा उभा राहिला होता.

त्याचं घर पाण्यापासून बरंच वर, डोंगराच्या उतरणीला होतं. दगडी जोतं, लाकडी खांब आणि पांढऱ्या मातीच्या भिंती. त्यातली मागची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची. खालच्या हातभर भागाला लोणा लागून माती पिठासारखी झडायची. बायको अंबूबाई दर वैशाखात तेवढी माती खरवडून नवा गारा भरायची, वरून शेणामातीनं सारवायची, आणि भिंत आणखी एक वर्ष काढायची. लग्न होऊन आल्यापासून तिचं हे चाललं होतं.

यंदा लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि बाळंतिणीची खोली म्हणजे तीच मागची. श्रावणाच्या पावसात, ओल्या भिंतीशी लेकीची बाज घालायची हे काही गेनबाला सोसवेना. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो पुण्याला गेला आणि सिमेंटचं एक पोतं घेऊन आला.

येताना भोरात नजीर मिस्त्री भेटला. चुन्यामातीच्या कामात ह्या गवंड्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं पोत्याकडे पाहिलं.

"भित दगडाची का मातीची?"

"मातीची."

"मग नका लावू. मातीची भित पानी पिती आन् वाऱ्यानं वाळती. वरनं सिमेंट थापलंत, तर पिलेलं पानी जाईल कुठं?"

"पर पानी शिरंलच कसं? सिमेंटनं अख्खी नदी अडवलीया, मिस्त्री."

"दगडानं अडवलीया, गेनबा. सिमेंट नुसतं दगडांमधल्या दर्जांत भरलेलं असंल."

गेनबा हसला. म्हातारा झाला, नवं काही पटत नाही, असं त्यानं अंबूबाईला घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं भिंतीला बाहेरून बोटभर जाडीचा गिलावा केला. वाडीतली माणसं हात लावून बघून गेली. भिंत गुळगुळीत, राखाडी आणि टणक झाली होती. गेनबाची छाती दोन बोटं फुगली.

आषाढात आतल्या बाजूला ओलीचा डाग उठला. मग डाग वर चढू लागला. दरसाल तो गुडघ्याएवढा असे, यंदा कमरेपर्यंत आला.

"अवं, ही पैल्यापरीस जास्त ओली झालीया," अंबूबाई म्हणाली. "भायेरचं काढून टाका."

"काढू कशाला? आतनं बी लावतो. दोन्ही अंगांनी बंद केली की ओल मरती."

पोत्यातलं उरलेलं, डब्यात झाकून ठेवलेलं सिमेंट त्यानं आतून थापलं. डाग दिसेनासा झाला. दिसत नाही म्हणजे गेला, असा सोपा हिशेब त्यानं केला. भिंत बिचारी आत पाणी पीत राहिली आणि तिला वारा लागायची सोय कुठेच उरली नाही.

श्रावणात सगुणाला मुलगी झाली. बाळंतीण, बाळ, बाजेखाली शेगडी, सगळं त्या खोलीत. पाचवी पुजायच्या दिवशी अंबूबाईला दिसलं की भिंतीनं मधोमध पोट काढलंय. तिनं बाज ओढून अलीकडे घेतली.

गेनबा आत डोकावला. "बाज का वढलीस?"

"भित फुगलीया."

"फुगतीय कसली! लोखंड हाय लोखंड." आणि त्यानं बाज पुन्हा भिंतीला भिडवली, भिंतीवर दोन थपडा मारून दाखवल्या. आवाज पोकळ आला. तो त्यालाही ऐकू आला होता. धरणावर दगड ठोकून बघणारे गवंडी त्यानं रोज पाहिले होते, पोकळ आवाज म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण वाडीभर मिरवलेलं आता गिळायचं कसं? चार दिवस तो खोलीकडे फिरकलाच नाही.

दहाव्या दिवशी सकाळी तो खाचरात भातातलं तण बेणत होता. घराकडून धप्प असा आवाज आला. काय पडलं ते त्याला बघायच्या आधीच कळलं. तो बांध तुडवत धावला.

भिंत आत पडली होती. सिमेंटच्या मोठमोठ्या खपल्या जवळजवळ अखंड होत्या, आणि त्यांच्यामध्ये असलेली माती तिंबलेल्या पिठासारखी मऊ होती. बाज कुठं दिसतच नव्हती. "सगुणे! सगुणे!" करत गेनबा दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. खपल्यांनी बोटं फाटली. खाली बाजेचा मोडका पाय लागला, गोधडीचं टोक लागलं. त्यानं गोधडी ओढली. ती रिकामी होती.

मागून बाळाचं रडणं आलं.

अंबूबाई दारात उभी होती. "सगुणा लेकरासंगं देवघरात हाय," ती म्हणाली. "सकाळी भितीला चीर दिसली, तुमी खाचरात गेल्याव हलवली."

सोयर फिटायच्या आत बाळंतीण देवापाशी नेलेली त्या घरात कुणी पाहिली नव्हती. गेनबाला त्याचं काहीच वाटलं नाही. चिखलानं भरलेले हात तसेच धरून तो तिच्याकडे बघत राहिला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुमी तिला परत हितंच निजवलं असतं. भित पक्की हाय ह्ये दावायला."

ती रागावून बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. त्यानं अगदी तेच केलं असतं.