दुसऱ्या कंपनीचं चिन्ह

सेतुमाधवांची सात जणांची व्हॅन सहा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. तरी तमिळ मुलखातल्या त्या जुन्या मराठी वस्तीत, राजवाड्यामागच्या गल्लीत, तिची चेष्टा ठरलेली. एका कंपनीनं बनवलेली गाडी दुसरी कंपनी जशीच्या तशी घेते, पुढंमागं आपलं चिन्ह चिकटवते आणि विकते, ही तसली. कारखाना तोच, इंजिन तेच, पण लोक तिला ‘डुप्लिकेट’ म्हणायचे. सेतुमाधवांना ते फार झोंबायचं.

त्यात लेक वासुकीला पाहायला चेन्नईहून अनिरुद्धराव येणार ठरलं आणि त्यांची झोपच उडाली. वासुकी आणि गणेशकुमार एकाच बँकेत कामाला; दोघांचं तीन वर्षांपूर्वीच जमलं होतं. आता फक्त गणेशकुमारच्या वडिलांनी मान हलवायची होती. हे अनिरुद्धरावही तिकडचे मराठीच, मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या गाड्यांत खोट काढण्यातच जन्म गेला, तो स्वभाव पेन्शनबरोबर थोडाच सुटतो!

आदल्या दुपारी बापलेक कामाला लागले. वासुकीनं केस वाळवायच्या यंत्रानं चिन्ह तापवलं, सेतुमाधवांनी मागून दोरा फिरवून ते सोडवलं आणि त्या जागी मूळ कंपनीचं बसवलं. वासुकीची आई अलमेलू दारात उभी होती.

“कशाला हें? गाडी चांगली आहे की,” ती म्हणाली.

तमिळ घरातून आलेल्या या बाईनं सव्वीस वर्षांत मराठी चांगली घोटली होती, पण तिचं बोलणं सेतुमाधव कानाआड करायचे. बापाचं पाहून लेकही तेच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सेतुमाधवांनी पाहुण्यांना व्हॅनमधून तिरुवैयारूला नेऊन देवदर्शन घडवलं. अनिरुद्धराव त्यांच्या शेजारीच बसले होते. घरी येऊन टेकले, तसा त्यांनी विषय काढला.

“गाडी छान आहे. पण बोनेटावर एका कंपनीचें चिन्ह, स्टिअरिंगवर दुसरीचें. हें कसें?”

स्टिअरिंग! ते बापलेकीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“गाड्यांत फरक कांहीं नाहीं,” अनिरुद्धराव म्हणाले. “दोन्ही मी शेकड्यांनी तपासल्यात. आहे तें चिन्ह ठेवलें असतें तर मी विचारलेंही नसतें. पण बदललें कोणीं, तें मला कळलें पाहिजे. या घरची मुलगी न्यायची आहे मला.”

सेतुमाधवांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं.

“हिनें केलें. हिच्या माहेरचीं माणसें अशींच, नुसता देखावा! मी नको म्हणत होतों.”

अलमेलू कॉफीचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं वासुकीकडं पाहिलं.

“तूं सांग, बाळ,” अनिरुद्धराव वासुकीला म्हणाले. “तूं खोटें बोलायची नाहींस.”

गणेशकुमार तिच्याकडं टक लावून बघत होता. तीन वर्षांचं जमलेलं आता तिच्या एका शब्दावर आलं होतं. खरं सांगितलं तर हे लोक आत्ता उठतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“हो. अम्मानेंच केलें,” ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही, म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

“मग झालें तर!” अनिरुद्धराव मोकळे हसले. “बाहेरून आलेल्या बाईचें काय मनावर घ्यायचें? मुलगी आपल्या रक्ताची आहे, तेवढें पुरे.”

सगळे हसले. सेतुमाधव सगळ्यांत मोठ्यानं हसले. अलमेलूनं प्रत्येकापुढं कॉफी ठेवली आणि अनिरुद्धरावांना साखर पुरे का, तेही विचारलं.

लग्न ठरलं. वासुकी थोरांपैकी एकेकाच्या पाया पडत गेली आणि जो तो तिच्या डोक्यावर हात ठेवत गेला. शेवटी ती आईपुढं वाकली. अलमेलूनं दोन्ही पाय हळूच साडीच्या काठाखाली ओढून घेतले. वासुकीचे हात गार फरशीवर टेकले, आणि बघणाऱ्यांना वाटलं, नमस्कार झाला.