पैलवानबाईंचं जेवण

हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग होता, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या यंत्रापाशी जी बाई उभी असायची तिला सगळे पैलवानबाई म्हणायचे. हे नाव तिला कुणी खिजवायला ठेवलेलं नव्हतं. ओल्या चादरींचा पिळा यंत्रात अडकला की दोघं-दोघं पुरुष घाम गाळत बसायचे. मग ही बाह्या सरसावून यायची, पाय रोवायची, आणि एका हिसक्यात सगळा ढीग ट्रॉलीत. अंगाने ती भक्कम होती. वजन जरा जास्तच झालंय हे तिलाही कळत होतं. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी गुडघे कुरकुरायचे. पण तिने त्याचं कधी अवडंबर केलं नव्हतं.

त्या वर्षी हॉटेलात नवे मॅनेजर आले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी एक स्पर्धा काढली. नाव ठेवलं ‘हलके व्हा’. ज्या विभागाचं एकूण वजन सगळ्यात जास्त उतरेल त्याला ढाल, आणि मॅनेजरांसोबत फोटो. वरच्या मजल्यावरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. तळघरातल्या सुपरवायझरने मात्र मनावर घेतलं. हा नेहमी कडक इस्त्रीतला, किरकोळ अंगाचा माणूस. वर्षानुवर्षं रिसेप्शनवाल्यांची बोलणी खाऊन तो आतून धुमसत होता. स्पर्धेचा कागद वाचून झाल्यावर त्याने मान वर केली आणि त्याची नजर थेट पैलवानबाईंवर जाऊन थांबली.

“आपली सगळी मदार तुमच्यावर,” तो म्हणाला. “रिसेप्शनकडे उतरवायला आहे काय? सगळे काडीपैलवान. तुम्ही नुसतं मनात आणलंत तरी ढाल आपली.”

सगळे हसले. तीही हसली. पुढे बऱ्याच गोष्टींचा तिला राग आला, पण स्वतःच्या त्या हसण्याचा जेवढा आला तेवढा कशाचाच नाही.

वजन करायला वेगळा काटा कोण आणणार? मळक्या चादरींचे गठ्ठे ज्या काट्यावर तोलायचे त्याच्यावरच माणसंही उभी राहिली. सुपरवायझर आकडा मोठ्याने वाचायचा आणि खडूने भिंतीवर लिहायचा. तिचा आकडा आला तेव्हा कुणीतरी शीळ घातली. भिंतीवर तो आकडा दिवसभर तिच्यासमोर होता. ती चादरी ओढत राहिली, पण घरी जाताना बसच्या काचेत स्वतःकडे बघायचं तिने टाळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती उपाशी राहायला लागली.

सुपरवायझरने कुठूनसा एक कागद छापून आणला होता. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काळी कॉफी, रात्री उकडलेला कोबी. तिने तो तंतोतंत पाळला, कारण कुठलंही काम अर्धवट करायची तिची रीत नव्हती. वजन झरझर उतरलं. दर आठवड्याला भिंतीवरचा जुना आकडा पुसला जायचा आणि टाळ्या पडायच्या. शेजारच्या रोलरवर चादरींना इस्त्री करणारी तिची जुनी मैत्रीण तेवढी टाळी वाजवायची नाही.

“तुझं वजन उतरतंय की चेहरा?” तिने एकदा विचारलं.

“तुला बघवत नाही का माझं चांगलं?” पैलवानबाई फिस्कारली. ती हल्ली सगळ्यांवरच फिस्कारायची. नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी आलेला तो शांत माणूस आता स्वयंपाकघरात शिरतानासुद्धा चाहूल घेऊन शिरायचा. कंगव्यात केसांचे पुंजके निघत होते. डोकं गरगरायचं. आणि एके सकाळी यंत्रात पिळा अडकला, तिने नेहमीसारखे पाय रोवले, हिसका दिला, आणि काहीच झालं नाही. पिळा तसाच. हातात जीवच नव्हता. शेवटी दोघांनी मिळून तो काढला. तिचे कान तापले.

कळ आली ती शेवटच्या वजनाच्या आदल्या दुपारी. उजव्या बरगडीखालून निघाली आणि पाठीतून आरपार गेली. ती यंत्राला धरून वाकली आणि बादलीत भडाभडा ओकली.

सुपरवायझर धावत आला. “उद्या वजन आहे हो,” तो म्हणाला. “एवढा एक दिवस कसाबसा काढा. आणि ओकलात म्हणजे थोडं आणखी उतरलंच असेल.”

त्याला तो विनोद वाटला होता. दुसऱ्या सकाळी ती पोट दाबत, अर्धी वाकून त्या काट्यावर चढली. आकडा वाचला गेला, टाळ्या झाल्या, आणि इस्त्रीवालीने तिला तिथूनच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पित्ताशयात खडे झाले होते. सूजही होती. पित्ताशय काढावं लागलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर खाटेपाशी उभे राहून म्हणाले, “वजन फार झपाट्याने उतरवलं, धड खाल्लं नाही, की पित्त नीट रिकामं होत नाही. त्याचे खडे व्हायची शक्यता वाढते. तुम्हाला आधीपासून बारीक असतीलही. पण या उपासाने भर घातली असणार.”

घरी सोडण्याआधी आहारतज्ज्ञ आली. तरुण, थकलेली, खुर्ची ओढून समोर बसली. आता ही पण एक कागद देणार, म्हणून पैलवानबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

“स्पर्धेच्या आधी तुम्ही काय खात होता?” तिने विचारलं. “खरं सांगा. मी रागावणार नाही.”

“काही खास नाही.”

“सकाळी?”

“सकाळी सहाला पाळी. घरून चहा पिऊन निघायचं.”

“मग जेवण किती वाजता?”

पैलवानबाई थबकल्या. जेवण कधीच नव्हतं. दुपारी नवे पाहुणे यायच्या आत सगळ्या चादरी वर गेल्या पाहिजेत, म्हणून तळघरात यंत्रं थांबत नसत. वरच्या न्याहारीतले उरलेले गोड पाव आणि केक तेवढे खाली यायचे, आणि ते यंत्रापाशी उभ्याउभ्या तोंडात कोंबायचे. वर साखर घातलेला चहा, दिवसभर. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असायचे; मग ताटात पडेल ते, जितकं पडेल तितकं. किती वर्षं? लग्नाआधीपासून.

आहारतज्ज्ञेने ते सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही जास्त खाता ही तुमची अडचण नाहीये,” ती म्हणाली. “तुम्हाला वेळेवर जेवायला मिळत नाही, ही आहे. असा दिवसभर उपाशी राहिलेला कोणीही माणूस संध्याकाळी जेवणावर तुटूनच पडतो. घरून निघताना अंडी, दही, कडधान्यं, असं काहीतरी खाऊन निघा. दुपारी बसून जेवा. अर्धं ताट भाजीचं, उरलेल्यात थोडा भात किंवा पाव, आणि पोटाला आधार देईल असं काही. गोड चहा कमी करा. जखम भरली की रोज थोडं चाला. आणि वजन उतरवायचं तर हळूहळू. महिन्याला किलो-दोन किलो खूप झालं. उपाशी राहून चरबीसोबत हातापायातली ताकदही जाते. तुमचं काम ताकदीचं आहे ना?”

पैलवानबाईंनी मान हलवली. त्या बाईवर त्यांना राग नव्हता. पण तळपायापासून काहीतरी वर चढत होतं. बसून जेवा, म्हणे. कुठे बसून? कोणत्या वेळात? इतकी वर्षं आपण आळशी आहोत, जिभेवर ताबा नाही, असं त्या स्वतःलाच ऐकवत आल्या होत्या. आणि हा साधा प्रश्न, जेवण किती वाजता, आजवर एका माणसाने विचारला नव्हता.

घरी आल्यावर राग आणखी एका जागी जाऊन लागला. मुलगी नववीत होती. पहिल्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसले तर पोरीने ताटात चार घास वाढून घेतले, तेही इकडून तिकडे सारत राहिली. मनगटं काडीसारखी दिसत होती. हे कधीपासून चाललं होतं?

“पुरे आता, जेव नीट,” पैलवानबाई म्हणाल्या. “अंगात काही आहे का तुझ्या?”

“मला भूक नाही.”

“भूक नाही म्हणजे? दिवसभर शाळेत काय हवा खाल्लीस?”

मुलीने ताट पुढे लोटलं. “तुला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना, नाही जेवलीस म्हणून? बाबांनी पण शेजारी सांगितलं, बायकोने कमाल केली. मग मी काय वेगळं करतेय?”

नवऱ्याने खाली मान घातली. पैलवानबाईंनी हातातला चमचा इतका आवळला की पोटावरचे टाके दुखले. त्या रागाला तोंड कोणत्या दिशेला करावं हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं नाही. पोर आत निघून गेली.

कामावर परतल्या त्याच आठवड्यात बक्षीस समारंभ होता. ढाल अर्थात तळघराची. कर्मचाऱ्यांच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या, पुढे पैलवानबाईंचे दोन मोठे फोटो, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या फोटोत त्या काट्यावर वाकून उभ्या होत्या. ते वाकणं दुखण्याचं होतं हे बघणाऱ्याला कसं कळावं. मॅनेजरांनी चार शब्द कौतुकाचे बोलून माइक त्यांच्या हातात दिला.

“सांगा सगळ्यांना, काय केलंत?”

“जेवले नाही,” पैलवानबाई म्हणाल्या.

काही जण हसले.

“हसू नका. मी खरंच जेवले नाही. मग ओकले. ओकत असताना मला सांगितलं, उद्यापर्यंत कळ काढा. मग पोटाला भोकं पाडून पित्ताशय काढलं. त्याचंही वजन धरलंय का तुम्ही या ढालीत?”

सुपरवायझर पुढच्या रांगेत बुटांकडे बघत होता. मॅनेजरांनी माइककडे हात नेला. पैलवानबाईंनी तो दिला नाही.

“मला मळक्या चादरींच्या काट्यावर उभं केलंत. आमच्या तब्येतीची एवढी काळजी आहे, तर तळघरातल्या माणसांना जेवायला वेळ द्या. वरचा उरलेला केक उभ्याने गिळून माणूस हलका होत नसतो. माझी मुलगी मला बघून जेवायची बंद झालीये. तिला कुठली ढाल देणार?”

“हे आपण ऑफिसात बसून बोलू,” मॅनेजर हळू आवाजात म्हणाले.

“ऑफिसात मला कोण बसवतंय,” त्या म्हणाल्या आणि व्यासपीठावरून खाली उतरल्या. जाताना दोन्ही फोटो काढून घेतले. ते फाडले मात्र नाहीत. गुंडाळून काखेत मारले आणि घरी नेऊन माळ्यावर टाकले.

ऑफिसातलं ते बोलणं काही झालं नाही. आठवडा वाट बघितली. मग एका दुपारी, बरोबर कामाची धांदल असताना, इस्त्रीवालीने रोलर बंद केला आणि पैलवानबाईंनी मोठं यंत्र. एकामागून एक सगळं तळघर गप्प झालं. इतकी शांतता तिथे कुणी ऐकलीच नव्हती. पाइपातून पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. चादरींचे गठ्ठे ओढून त्यांवर सगळे बसले आणि घरून आणलेले डबे उघडले.

सुपरवायझर पळत आला. “हे काय चाललंय? वर पाहुणे खोळंबलेत.”

“जेवतोय,” पैलवानबाई म्हणाल्या.

“माझी नोकरी जाईल.”

“तुमचा डबा कुठे आहे?”

त्याच्याकडे डबा नव्हता. तोही वर्षानुवर्षं उरलेल्या पावांवरच दिवस काढत होता. तो तसाच जिन्याकडे वळला आणि निघून गेला.

त्या दिवशी खोल्या उशिरा तयार झाल्या, पाहुणे चिडले, रिसेप्शनवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. पैलवानबाई आणि इस्त्रीवाली, दोघींना लेखी ताकीद मिळाली. पैलवानबाईंची मोठ्या यंत्रावरून घड्या घालायच्या टेबलावर बदली झाली. ऑपरेशनचं कारण दिलं, पण शिक्षा होती हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी यंत्रं पुन्हा बंद झाली. तिसऱ्या दिवशीही. मग वरून निरोप आला: आळीपाळीने वीस मिनिटं जेवायची सुट्टी. अर्धा तास मागितला होता. वीस मिळाली. टेबल आणि बाक मागितले, ते अजून आले नाहीत. ‘हलके व्हा’चा कागद मात्र कुणीतरी गुपचूप उतरवला.

गेलेलं वजन थोडं परत आलं. मग ते थांबलं, आणि सावकाश, वाटेल तेव्हा दोन पावलं मागे येत, उतरायला लागलं. सकाळी अंडी खाऊन निघायचं, दुपारचा डबा, संध्याकाळी एक थांबा आधी उतरून चालत घरी. यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. ताकद परत आली तसा मोठ्या यंत्राचा विषय त्या रोज काढतात. सुपरवायझर रोज “बघू” म्हणतो.

मुलीचं मात्र एवढं सोपं नव्हतं. तिला घेऊन त्या आहारतज्ज्ञेकडे गेल्या, तिने पुढे आणखी एका डॉक्टरांकडे पाठवलं, आणि आता दर आठवड्याला जावं लागतं. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. सकाळी लवकर उठून दोघी समोरासमोर बसतात. पैलवानबाई आपलं ताट घेतात आणि खातात. ‘खा’ म्हणत नाहीत. डॉक्टरांनी तशी ताकीदच दिली आहे. ते गप्प राहणं त्यांना चादरी ओढण्याहून जड जातं.

परवा मुलीने अर्धं अंडं खाल्लं आणि उरलेलं ताटात ठेवून विचारलं, “तुझा राग गेला का गं?”

“तुझ्यावर नव्हताच.”

“माझ्यावर नाही. त्यांच्यावर.”

“नाही,” पैलवानबाई म्हणाल्या. “जायला हवा का?”

मुलीने जरा विचार केला. “नको,” ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला स्वतःकडे ओढला.