उकळलेलं पाणी

झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट रेघ होती, नखभर. फ्रिजमध्ये औषधांच्या मागे सापडलेली ती काचेची बाटली तिने खिडकीच्या उजेडात धरली आणि चिठ्ठीवरचं बाबांचं अक्षर पुन्हा वाचलं – तारीख, सकाळचे साडेसात, आणि खाली: स्वयंपाकघरातला नळ. धरण नव्हे, जलशुद्धीकरण केंद्र नव्हे. चौतीस वर्षं गावाचं पाणी तपासलेल्या माणसाने, उठून बसवत नसताना, आपल्याच नळाखाली बाटली का धरावी?

बाहेरच्या खोलीत पंपवाले काका बसले होते. बाबांच्या हाताखाली केंद्रात वीस वर्षं काढलेले. बाबा जाऊन महिना झाला तरी फिरकले नाहीत आणि आज दत्त म्हणून उभे. "साहेबांकडे नमुन्याची एखादी बाटली राहिली असेल तर द्या, ताई. केंद्राची वस्तू." एका बाटलीसाठी एवढी पायपीट? कुठेतरी पाणी मुरत होतं. चहाही नको म्हणाले – चहा घेतल्याशिवाय याचा पंप सुरू होत नाही, असं बाबा ज्यांना म्हणायचे ते! आणि पिशवीतून डोकावणारी विकतच्या पाण्याची बाटली...

बाटली आतच ठेवून ती रिकाम्या हातांनी दारात आली.

"काका, पाणी खराब होतं ना?"

"मी पंप फिरवणारा. पाण्याच्या मनातलं साहेबांना कळायचं." मग त्यांनी आवाज उतरवला. "दोनदा फोन केला त्यांनी मला. धरणात विषारी शेवाळ माजलंय, वर सांग, म्हणाले. सांगितलं. वरचे म्हणतात, लोकांना उकळून प्यायला सांगा."

"मग?"

"मग काय! साहेब असे भडकले... अरे गाढवांनो, म्हणे, हे विष उकळून जात नाही, शेवाळाच्या पेशी फुटून उलट पाण्यात उतरतं. तुम्हाला बोललेच असतील की."

"हो," ती म्हणाली. "बघते हं बाटली." आणि आत वळली.

बोलले होते का? उकळू नकोस गं, विकतचं आण – एवढंच. कारण नाही. ज्या पाण्यावर जन्मभर सही केली ते वाईट म्हणायला जीभ रेटली नसेल... आणि तिला वाटलं, दुखणेकऱ्याचे चोचले. विकतच्या बाटलीत कुठलं पाणी भरतात देव जाणे. तिचा त्यावर विश्वास नव्हता, दुकानदारावर नव्हता, कुणावरच नव्हता. म्हणून ती बरं म्हणायची, नळाचं पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची, गार करायची आणि विकतच्या रिकाम्या बाटलीत भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. रोज. यकृत आधीच थकलेलं, डॉक्टर म्हणाले होते. वय झालं होतं, असंही म्हणाले होते. दोन्ही खरं असेल.

पण डोळे मिटून एक घोट घेतला की पाणी कुठल्या टाकीचं ते सांगणारा माणूस... त्याला कळलं नसेल? पेल्यावरून ते तिच्याकडे बघायचे, जरा जास्तच वेळ, आणि म्हणायचे, छान गार आहे.

मघापासून ती दोषी शोधत होती – केंद्र, वरचे, हे काका. आता तीच बाटली मुठीत होती आणि तिला कळेना, बाबांनी ती केंद्रावरच्या संशयाने भरली होती की तिच्यावरच्या. तारीख तिने तिसऱ्यांदा वाचली. ती विकतच्या बाटल्या भरायला लागली त्याच्या आधीची? की नंतरची? आठवेना. खरंच आठवेना की...

"सापडली का हो, ताई?"

तिने चिठ्ठीवर अंगठा ठेवला. काच तळहातात हळूहळू कोमट होत होती.

"शोधतेय," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाकडे कान देऊन उभी राहिली – दुसरं कुणी बोलत असावं आणि ते खरं की खोटं हे ठरवायचं असावं, तशी.