आखाजीच्या वाटेवरचे जुने बल्ब

लोटन आबांची बायको वच्छलाबाई माघात वारली आणि वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दाराशी येऊन उभी राहिली. घरात आता आबा एकटे. बोलायला कुणी नाही म्हणून ते बैलाशी बोलत. बैल मान हलवी, तेवढंच उत्तर.

आखाजीला लेक माहेरी आणायची, तर मूळ जावं लागतं. मूळ म्हणजे न्यायला आलेलं माहेरचं माणूस. आबांची लेक सुगंधा सोनगीरच्या बाजूला दिलेली. तिला भाऊ नाही, म्हणून मूळ आबाच. तिच्या सासूने, भिकुबाईने, निरोप धाडला होता, "घरमा बाई नही, पोर तठे जाईसन काय भिंतीस्ले पाही? तरी या. पन दिवा लागाना अगोदर या. दिवा लागना म्हंजे सून उंबरठा वलांडाव नही."

यंदा नेली नाही तर रीत मोडेल, हे आबांना कळत होतं. वर्षाकाठी आठ दिवस घरात लेकीच्या बांगड्या वाजायच्या, तेही जातील.

परतताना अंधार होणार, आणि आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या पेट्रोल जीपला पारोळ्यात नवे हॅलोजन बल्ब बसवून घेतले. पहिल्या खेपेलाच उजेड असा पडला, की लांबच्या बाभळीचं पान न पान मोजावं. मग फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तेव्हा आबांनी सिगरेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी फ्यूजला गुंडाळली. पुन्हा उडायला नको म्हणून चांगली चार पदरी.

मूळ निघालं. धुळ्याच्या अलीकडे रेडिएटरात पाणी घालायला आबांनी गाडी बंद केली, ती पुन्हा उठेना. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. टपरीवरच्या चौघांनी ढकलत वना वायरमनच्या शेडपर्यंत नेली.

"आबा, यान्हापेक्षा बैल जुपता," ढकलणारा एक जण म्हणाला.

वनाने बॉनेट उघडलं. "अलीकडे काय बदललं हिच्यात?"

"काही नही. बल्ब बदलात फक्त."

"फक्त," वना म्हणाला आणि हसला.

त्याने बॅटरीची एक तार काढली आणि हलकेच परत टेकवली. तड् करून ठिणगी उडाली. "चावी बंद, दिवे बंद. मग ही ठिणगी कोणासाठी?" तो एकेक वायर सोडवी आणि तार टेकवून पाही. ठिणगी, ठिणगी, ठिणगी. हेडलाइटची वायर सोडवली, आणि ठिणगी विझली.

डॅशबोर्डखाली हात घालून त्याने ती वायर ओढून काढली. वरचं रबर गुळासारखं वितळून पत्र्याला चिकटलेलं. त्या जळक्या जागेतून बॅटरी रात्रंदिवस पत्र्यात झिरपत होती.

"बल्ब दुप्पट खाणारा, वायर जुनीच. फ्यूज उडत होता ना आबा, तो ओरडत होता. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

आबांचं लक्ष उन्हाकडे होतं. ऊन शेडच्या खांबावरून खाली घसरत चाललं होतं.

"जाड वायर टाकतो, स्विचवरचा भार उचलणारा रिले बसवतो," वना म्हणाला. "दिवेलागण होईल पण."

"आन लगेच जानं व्हई तं?"

"तर जळकी वायर कापून तुकडा जोडतो. पण मग हे बल्ब नाही चालायचे, जुनेच लावावे लागतील. आणि गाडी ढकलून चालू करू, पण मग कुठे बंद करू नका. बॅटरीत जीव नाही, चालता चालता भरेल."

जुने बल्ब फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवलेले होते. आबांनी ते काढून वनाच्या हातात दिले.

"परत कसे याल? तुम्हाला दिसतं तरी किती?"

"पोरले दिसस," आबा म्हणाले.

भिकुबाईच्या दारात जीप थांबली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. भिकुबाईने आधी त्या उन्हाकडे पाहिलं, मग आबांकडे. "बसा व्याही, पानी प्या. ती गाडी बंद करा."

"बंद करी तं मी आठेच राही जासू."

"मंग ऱ्हा ना. घर मोठं शे." ती हसली, पण सुनेला कुंकू लावताना तिने बजावलं, "आठ दिन. नववा नही."

धुळं मागे पडलं आणि अंधार झाला. जुन्या बल्बांचा पिवळट उजेड दहा हातांपलीकडे जाईना. सुगंधा काचेशी वाकून वाट सांगू लागली. "आबा, डावीकडे खड्डा. सामने बैलगाडी शे, तिले दिवा नही. आते सरळ." दोघं फक्त वाटेचंच बोलत होते. दुसरं काही बोलायचं म्हटलं तर ते माय गेल्याचंच निघालं असतं.

वच्छलाबाई जात्यावर म्हणायची ती ओवी सुगंधाच्या ओठांवर आली:

*आखाजी उनी दारे, मना जीव वाटवर,*
*मूळ धाडी दे वं माय, दिवा लागाना अगोदर.*

दुसऱ्या ओळीतल्या 'माय'पाशी तिने ओवी सोडली. मग ती म्हणाली, "खड्डा." आबांनी गाडी वळवली.

घराला कुलूप होतं. सुगंधा उतरू लागली.

"थांब," आबा म्हणाले, "बठीच ऱ्हाय."

गाडी तशीच चालू ठेवून ते एकटे पुढे गेले. कुलूप चाचपून काढलं, आत चिमणी लावली. मग एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा कोर घेऊन, इतकी वर्षं जिथे बायको उभी राहायची, तिथे उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"ये आते."

त्यांनी तुकडा ओवाळला, अंधारात टाकला, आणि तिच्या पायांवर अख्खा तांब्या रिकामा केला. लुगड्याचा काठ भिजून चिंब झाला.

"माय इतलं नही टाके, आबा."

"मले काय म्हाईत माप?"

ती ओल्या पावलांनी आत गेली. आबांनी परत जाऊन जीप बंद केली. मग घर किती रिकामं आहे ते दोघांनाही ऐकू आलं.