पार्टीला गेलेली हातगाडी

मित्रांनो, 'कुर्र कुर्र' ऐकून दचकू नका. मीच ती, एक जुनी भाजीची हातगाडी. सुतारानं जाड फळ्या ठोकून मला घडवलं, चाकं बसवली, आणि दुसऱ्याच दिवशी आप्पांनी माझ्यावर बटाट्यांची पोती लादली. कौतुकबिवतुक काही नाही, थेट कामाला! पण ओल्या फडक्यानं मला पुसल्याशिवाय त्यांनी कधी टोमॅटोचा ढीग रचला नाही. आणि आरोळी तर काय ठोकायचे! "घ्याऽ ताजी ताजी, कोवळी कोवळीऽ!" झोपलेली माणसंसुद्धा पिशव्या घेऊन खाली यायची.

पुढे आप्पांच्या गुडघ्यानं दगा दिला. मुलानं भाजीचं दुकान थाटलं आणि मी परसात पडले. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, माझ्यावर सरपण रचलं. माझ्याखाली कोंबड्यांनी संसार मांडला. दिवस सगळ्यांचेच फिरतात, पण वाईट वाटायचं हो.

आमच्या गल्लीतली माणसं दरवर्षी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी शाळेच्या मैदानावर पार्टी करतात. पुढाकार नर्सबाईंचा. बेकरीवाला केक आणतो, न्हावी फुकट केस कापतो, शिंपीणबाई रंगीत टोप्या शिवतात. यंदा आप्पा मात्र घरात तोंड पाडून बसले होते.

"रिकाम्या हातानं जाऊ का?" ते काकूंवर खेकसले. "दुकान मुलाचं. माझं म्हणून काय आहे?"

"गाडी आहे की! पोरांना फिरवून आणा. कुढत काय बसलाय!"

त्या दिवशी माझ्या चाकांना वंगण मिळालं. अंगावर फुलाफुलांची चादर आली, दांड्याला फुगे आले. या वयात नटायचं म्हणजे लाजच वाटली. पण खोटं कशाला बोलू, आवडलं!

मैदानावर पोचताच आप्पांनी जाहीर केलं, "प्रत्येकाला एक फेरी! कुणी राहणार नाही, माझा शब्द आहे."

झालं! पोरांची झुंबड उडाली. चारचार जणांना बसवून आप्पा गल्लीला वळसा घालून यायचे. सवयीनं आरोळी सुटली, "घ्याऽ ताजी ताजी, कोवळी कोवळी पोरंऽ!"

"आम्ही विकायला नाही!" एक मुलगा ओरडला.

"अरे राजा, तुम्ही परवडणार कुणाला?" आप्पा म्हणाले, आणि सगळी खदखदून हसली.

गुडघा ठणकत होता. माझ्या दांड्यावरचा त्यांचा भार फेरीगणिक वाढत होता, ते मला कळत होतं. पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ! शर्थ केली म्हाताऱ्यानं. शेवटी मैदानाच्या फाटकाशी गुडघ्यानं साथ सोडली आणि ते मटकन खाली बसले.

नर्सबाई धावत आल्या. "बास आप्पा, आता उठायचं नाही."

"माझा नंबर राहिलाय," माझ्या चाकामागून बारीक आवाज आला. दोन वेण्यांची एक चिमुरडी उभी होती. मोठ्या पोरांनी दर वेळी तिला मागे रेटलं होतं.

"बाळा, पुढच्या वर्षी तुझा पहिला नंबर," नर्सबाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी आम्ही नसणार. इमारत झाली की बाबा दुसरीकडे नेतात."

आप्पा माझं चाक धरून उठायला गेले, पुन्हा बसले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. शब्द दिला होता ना!

चिमुरडीनं माझ्या फळीवर थाप मारली. "आजोबा, तुम्हीपण वर बसा. ही सगळी ढकलतील."

"अगं, मी बसलो तर गाडी मोडेल!"

मोडते कशी! पोतीच्या पोती वाहिलीत मी. न्हाव्यानं आणि बेकरीवाल्यानं आप्पांना उचलून माझ्यावर बसवलं, शेजारी ती चिमुरडी. मागून सगळी पोरं दांड्याला भिडली. मित्रांनो, आप्पांनी जन्मभर मला ढकललं, पण माझ्यावर बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

गल्लीत शिरल्यावर आप्पांनी आरोळीसाठी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी चिमुरडीच ओरडली, "घ्याऽ ताजे ताजे आजोबाऽ!"

खिडकीतून काकूंनी डोकं काढलं. "केवढ्याला गं?"

"तुम्हाला नाही परवडायचे!"

आता मी परसात नसते, दारात असते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू दिसल्या तर चाकांना थोडं वंगण घाला, एवढंच मागणं आहे. आणि हो, जन्मभर गाडी ढकलणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यालाही एकदा विचारा, "बसता का?"