यासुदा सुमिएचं दुसरं नाव

यासुदा सुमिएचं केशकर्तनाचं दुकान जपानमधल्या कावासाकी शहरात, कारखान्यांमागच्या बाजारगल्लीत होतं. तोनेगावाबाई दर महिन्याला तिच्याकडे केस रंगवायला यायच्या. वीस वर्षांचा घरोबा. सुमिएची आई गेली तेव्हा सुमिएच्या आधी त्याच रडल्या होत्या.

त्या रविवारी बाईंचं डोकं बेसिनमध्ये होतं आणि बाहेरून मोर्चा आला. झेंडे, कर्णे, आणि एकच घोषणा: कोरियनांनो, चालते व्हा. सुमिएने नळ थोडा जास्त सोडला, पण पाण्याने तो आवाज काही झाकेना.

"घसा फाडून ओरडतात मेले," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "पण अगदीच खोटं नाही हो बोलत. इथे राहायचं, इथलं खायचं, मन मात्र तिकडे. वर नावं बदलून बसतात. शेजारी कोण राहतंय, कळायला नको का माणसाला?"

सुमिएचे हात थांबले. तिचा जन्म इथला, आईचाही इथलाच. आजोबा कोरियातून इथे गोदीत हमाली करायला आले, ते कधी परत गेलेच नाहीत. नवरा नेहमी बजावायचा, "गिऱ्हाइकाला केस कापून हवे असतात, आपली वंशावळ नाही." आजवर तिने ते ऐकलं होतं.

"तोनेगावा-सान, मी त्यांच्यातलीच आहे," ती म्हणाली. "माझं कोरियन नाव आन सुन-ही."

बाईंनी डोळे उघडले.

"काहीतरीच. तुम्ही आमच्यासारख्याच आहात की." मग हळूच, "नसतं सांगितलं तरी चाललं असतं हो. मी कुठे विचारलं होतं?"

सुमिएने त्यांचे केस वाळवले. जाताना बाईंनी नेहमीपेक्षा जास्त खाली वाकून निरोप घेतला.

"झालं समाधान?" रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं. "आता गल्लीभर होईल."

"होऊ दे," सुमिए म्हणाली खरी, पण ताट अर्धं सोडूनच उठली.

बाई पुन्हा येणार नाहीत अशी तिने मनाची तयारी केली होती. पण पुढच्या महिन्यात त्या आल्या, मिठाईचा डबा घेऊन. खुर्चीत ताठ बसल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, "तुमच्याकडे आता थंडी कडक असेल, नाही?"

"माझं माहेर इथून दोन स्टेशनांवर आहे, तोनेगावा-सान."

"हो, हो, तेही खरंच." बाई मनापासून हसल्या. "पण तुमचं जपानी किती छान आहे हो. जराही ओळखू येत नाही."

सुमिएला दुसरी कुठलीच भाषा येत नव्हती. नव्या गिऱ्हाइकाचे मानावेत तसे तिने त्यांचे आभार मानले आणि रंग कालवायला घेतला.

"येतात ना अजून? मग झालं तर," नवरा म्हणाला.

"येतात. पण मला पाहुणी करून टाकलंय त्यांनी."

नवऱ्याने बाईंनी आणलेला मिठाईचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.